हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार : समजून घेऊ, टाळू या (शिक्षक व पालकांसाठी)



हृदयावरचा पाठ आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो, नावं देतो, प्रश्नोत्तरं लिहून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मीही तेच करत होते. पण आजचा पाठ आधी आपण मोठ्यांनी शिकायचा आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगी होती. अभ्यासात बरी, गाणी म्हणायला पुढे. पण मैदानावर आलो की दोन चकरा झाल्या न झाल्या तोच खाली बसायची. खो-खोत तर तिला कुणी आपल्या गटात घेत नसे. मी तिला म्हणायचे, "चल गं ऊठ, आळशी कुठली! सवय केलीस की जमेल." एकदा नव्हे, वर्षभर म्हणाले. मग शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "बाई, हिच्या हृदयाचा आवाज वेगळा येतोय. पुढे पाठवावं लागेल." सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, तिला इको म्हणतात. त्यात कळलं की हृदयातली एक झडप नीट बंद होत नाही. ती आळशी नव्हती. तिचं हृदय इतरांपेक्षा जास्त राबत होतं, आणि मी तिलाच बोलत होते.

त्या दिवसापासून हा विषय मी वाचायला लागले. जे समजलं ते आज आपल्यापुढे मांडते.

१. हृदय नेमकं काय करतं?

आपली मूठ वळून बघा. साधारण तेवढंच आपलं हृदय. छातीत मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेलं. त्यात चार कप्पे : वर दोन अलिंद, खाली दोन निलय. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू फुप्फुसातून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त सगळ्या शरीराला पाठवते. कप्प्यांच्या दारांवर झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. आपण जो लब-डब आवाज म्हणतो, तो या झडपा मिटण्याचा.

हृदयापासून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, हृदयाकडे आणणाऱ्या त्या नीला आणि दोघींना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या. रक्त असं गोल फिरतं हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली ग्रंथ लिहून दाखवलं. केशवाहिन्या मात्र त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये इटलीच्या मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

वर्गात करायच्या तीन कृती :

*कृती १ : गणित.* मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे किती? ७२ × ६० × २४ = १,०३,६८०. म्हणजे लाखाच्या वर! मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त धरलं तर दिवसाला ७,२०० लिटर. उन्हाळ्यात गावात पाच हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे जवळपास दीड टँकर. हे उदाहरण दिलं की मुलं डोळे मोठे करून बघतात.

*कृती २ : चेंडू.* रबरी चेंडू मुठीत धरून मिनिटात ७० वेळा दाबायला सांगा. अर्ध्या मिनिटातच हात दुखायला लागतो. मग विचारा, "हृदय कधी सुट्टी घेतं?"

*कृती ३ : कागदाची नळी.* १८१६ साली फ्रान्सचे डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. आपणही जाड कागदाची नळी करून मित्राचे ठोके ऐकायला लावू शकतो. आधी बसून मोजायचे, मग वीस उड्या मारून मोजायचे.

२. रक्तवाहिन्या बिघडतात कशा?

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ठिबकची नळी चांगली माहीत असते. क्षार साचले की ड्रिपर बंद होतो आणि पुढचं झाड सुकतं. रक्तवाहिन्यांचं असंच काहीसं होतं, असं आपण सांगतो. समजायला सोपं आहे. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या.

रोहिणीत चरबी पाइपासारखी आतून नुसती चिकटत नाही. रोहिणीचं आतलं अस्तर फार नाजूक असतं. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, वाढलेली साखर यांनी ते दुखावतं. मग रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल त्या अस्तराच्या आत, भिंतीतच शिरतं. तिथे सूज येते आणि वर्षानुवर्षं एक गाठोडं तयार होतं. कधीतरी या गाठोड्याचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्ताची गुठळी तयार होते. ती गुठळी काही मिनिटांत वाट बंद करू शकते. हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत असं झालं तर हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या रोहिणीत झालं तर पक्षाघात.

म्हणूनच "काल तर ठणठणीत होते हो!" असं आपण ऐकतो. झटका अचानक येतो, आजार अचानक येत नाही.

तो किती लवकर सुरू होतो याचा एक दाखला. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय २२ होतं. तरीही तीन-चतुर्थांशाहून जास्त जणांच्या हृदयाच्या रोहिणींमध्ये हा आजार सुरू झालेला दिसला. म्हणजे पन्नाशीतल्या आजाराची पेरणी शाळा-कॉलेजच्या वयात होते. म्हणूनच हा विषय प्राथमिक शिक्षकाचा आहे.

३. धोका कशामुळे वाढतो?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेली. एकूण मृत्यूंपैकी जवळपास तिसरा हिस्सा. पूर्वी लोक म्हणत, "वय झालं, नशिबात होतं." अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली. तेव्हा कुठे कळलं की रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान या गोष्टी आधीपासूनच इशारा देत असतात. पुढे २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की पहिल्या झटक्याचा बहुतेक धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे : धूम्रपान, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि मद्यपानाची सवय. या सगळ्यांवर आपल्याला काही ना काही करता येतं. वय आणि आनुवंशिकता तेवढी आपल्या हातात नाही. आईवडिलांना किंवा भावाबहिणींना कमी वयात झटका आला असेल तर आपण तपासणी लवकर सुरू करायची, एवढंच.

यातला सगळ्यात गुपचूप काम करणारा म्हणजे उच्च रक्तदाब. १२०/८० च्या आत चांगला. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा जास्त येत असेल तर तो आजार धरून उपचार करावे लागतात. दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखेल तेव्हा मोजू म्हणाल तर उशीर होईल.

४. मुलांच्या हृदयाकडे शिक्षकाचं लक्ष

आता पुन्हा माझ्या त्या विद्यार्थिनीकडे येते. तिच्या आजीशी बोलले तेव्हा कळलं, वर्ष-दीड वर्षापूर्वी तिचा घसा खूप दुखला होता, ताप आला होता. काही आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. आजी म्हणाली, "वाढीचं दुखणं म्हणून तेल लावलं बाई, गेलं."

तो संधिवाताचा ताप होता. विशिष्ट जिवाणूंमुळे घसा बिघडला आणि त्यावर पुरेसा उपचार झाला नाही, तर काही मुलांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा दोन-तीन आठवड्यांनी चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे बरे होतात, झडप मात्र खराब राहू शकते. हा ताप प्रामुख्याने ५ ते १५ वयात येतो, म्हणजे नेमका आपल्या वर्गात बसणाऱ्या वयात. घाबरू नका, बहुतेक घसादुखी साधी, विषाणूंमुळे असते. पण ताप आणि घसादुखी जोरात असेल तर घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवा. औषधाचा कोर्स दिला तर तो पूर्ण करा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका.

आपल्या वर्गात या खुणा दिसतात का ते बघा :

- खेळताना इतरांच्या मानाने लवकर दम लागणं, सारखं खाली बसणं
- ओठ, जीभ किंवा नखं निळसर दिसणं
- वजन न वाढणं, वारंवार छातीत कफ होणं
- एक सांधा दुखून बरा होतो तोच दुसरा सुजणं, सोबत ताप
- खेळताना चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं
- हातपाय नकळत झटकणं, वस्तू हातातून पडणं, चांगलं अक्षर अचानक बिघडणं

शेवटची खूण वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण संधिवाताच्या तापात मेंदूवर परिणाम होऊन असं होऊ शकतं. मूल मस्ती करतंय, मुद्दाम घाण लिहितंय असं समजून आपण हातावर पट्टी मारतो. अक्षर बिघडलं तर आधी विचारा, मग रागवा. खरं तर रागावूच नका.

यातल्या काही खुणा जन्मजात हृदयदोषाच्याही असतात. साधारण शंभरात एका बाळाच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयाचे हे दोन्ही आजार त्या यादीत आहेत. पथक येणार त्या दिवशी आपण काय करतो? वर्ग शांत बसवतो, रांग लावतो, सह्या घेतो. त्याऐवजी आदल्या दिवशी आठवून एक यादी करा : कोण लवकर दमतं, कोण सारखं आजारी पडतं. ती यादी डॉक्टरांच्या हातात द्या. आपण मुलांना वर्षभर बघतो, डॉक्टरांना काही मिनिटं मिळतात.

माझ्या विद्यार्थिनीला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते दुखतं. पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून ते अनेक वर्षं चुकवायचं नसतं. पहिल्या वर्षी तिची एक तारीख चुकली, कारण आईला रोजावर जायचं होतं. तेव्हापासून माझ्या हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तिच्या तारखा लिहिलेल्या आहेत. दोन दिवस आधी मी घरी फोन करते. यापलीकडे मी काही केलेलं नाही, पण तेवढं पुरतं.

५. मोठ्यांमध्ये झटक्याची लक्षणं : "पित्त झालंय" म्हणू नका

आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ गुरुजी. सकाळी परिपाठाच्या वेळी छातीत जड वाटायला लागलं, दरदरून घाम फुटला. म्हणाले, "रात्री वांग्याची भाजी खाल्ली, पित्त झालंय." सोडा प्यायले, दोन तासिका घेतल्या आणि दुपारी स्वतः मोटरसायकल चालवत घरी गेले. दवाखान्यात पोहोचायला संध्याकाळ झाली. जीव वाचला. पण हृदयाचा जो भाग रक्ताविना मेला तो परत आला नाही. आता शाळेच्या पायऱ्या चढतानाही ते मध्ये थांबतात. त्या दिवशी त्यांच्याभोवती आम्ही कितीतरी शिकलेली माणसं होतो. एकालाही १०८ आठवला नाही, याची खंत वाटते.

म्हणून हे पाठ करा :

- छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळ. डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, खांद्यात जाणारी कळ
- थंड घाम, मळमळ, धाप, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं
- बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम, थकवा, मळमळ अशीही लक्षणं येतात

असं झालं तर त्या व्यक्तीला बसवा, चालवू नका, गाडी चालवू देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजीची सोय आहे अशा रुग्णालयात न्या. पित्त निघालं तर आनंदच आहे!

पक्षाघातासाठी तीन गोष्टी बघा : हसायला सांगितलं तर तोंड वाकडं होतं का, दोन्ही हात उचलले तर एक खाली पडतो का, बोलणं अडखळतं का. यातलं एकही दिसलं तर लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि धावा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मांत्रिकाकडे, मालिशवाल्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायला सुरुवात करा. मोठ्या माणसासाठी किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. हे नुसतं वाचून येत नाही, म्हणून केंद्रातल्या शिक्षण परिषदेत एकदा प्रात्यक्षिक ठेवायचा आग्रह धरा.

६. टाळायचं कसं? चार सोपी कामं

*मीठ मोजा.* मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत मीठ खावं, मुलांनी त्याहून कमी. आता गणित करू. चार माणसांचं घर, रोजचं जास्तीत जास्त २० ग्रॅम. मग एक किलोची पुडी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. मी मुलांना पुडी फोडल्याची तारीख लिहून ठेवायला सांगितली. बहुतेकांच्या घरी पुडी महिन्याच्या आतच संपली! आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, वेफर्समधलं मीठ धरलेलंच नाही. एका आईने सांगितलं, "बाई, पोरगं आता ताटात मीठच वाढू देत नाही." एवढा उपक्रम जरूर करून बघा.

*डबा बघा.* ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, पेरू-केळं. आपल्या स्वयंपाकघरात हे आहेच. बिस्किटाचा पुडा आणि कुरकुरीत पाकिटं डब्यात आपण घालतो, मुलं स्वतः घालत नाहीत. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका.

*मैदान द्या.* मुलांना रोज किमान ६० मिनिटं धावपळ हवी, मोठ्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चालणं. आपण काय करतो? अभ्यासक्रम राहिला की पहिला बळी खेळाच्या तासाचा. मीही घेतलाय. आता नाही घेत.

*तंबाखू दूर ठेवा.* बिडी-सिगारेटच नव्हे, मावा, गुटखा, मशेरी सगळं यात आलं. घरातल्या बिडीचा धूर शेजारी बसलेल्या बाळाच्याही रक्तवाहिन्यांना लागतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. हे अंतर मुलांना टेपने मोजायला लावा, साधारण ९१ मीटर भरतं. आणि एक विनंती, मुलांना पुडी आणायला दुकानात पाठवू नका. सोडणाऱ्यांसाठी चांगली बातमी : धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो.

याशिवाय पुरेशी झोप आणि तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासणं.

७. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बारीक माणसाला हृदयविकार होत नाही ना?* होतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण आपल्याकडे खूप आहे, आणि पोटावरची चरबीच जास्त घातक असते.

*रक्तदाबाची गोळी एकदा सुरू केली की सवय लागते का?* ती सवय नाही, गरज असते. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

*सैंधव मीठ चालतं का?* त्यातही मुख्यतः तेच सोडियम असतं. प्रमाण तेवढंच ठेवा.

*हृदयविकार असलेल्या मुलाला खेळू द्यायचं का?* ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांच्याकडून लेखी घ्या : काय चालेल, काय नाही. सरसकट कोपऱ्यात बसवणं हीसुद्धा एक शिक्षाच आहे.

आमच्याकडे तसं पत्र आलं आहे. माझी विद्यार्थिनी आता पाचवीत आहे. खो-खोच्या सामन्यात धावत नाही, पण शिट्टी तिच्या हातात असते आणि गुण ती लिहिते. तिची पुढच्या इंजेक्शनची तारीख माझ्या हजेरीपत्रकात लिहिलेली आहेच.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, उद्या वर्गात गेलात की आकृती काढण्याआधी एकदा मुलांकडे नजर फिरवा. दमून बसणारं एखादं मूल दिसलं तर त्याच्या पालकांशी बोला. पालकहो, या आठवड्यात दोन गोष्टी करा : मिठाच्या पुडीवर तारीख लिहा आणि स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या. मुलांची काळजी घेणारं हृदयही ठणठणीत हवं ना!